इथे कुणी बसलंय का?

गेल्या रविवारी सकाळी नातीने हट्टच धरला. "आबा, आज घरचे पोहे नकोत. कोपऱ्यावर जाऊ." आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक हॉटेल आहे. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं होईल, आणि तिथे आधीच बसायला जागा मिळत नाही. रविवारी तर दाराशी एक पोरगा वही घेऊन उभा असतो. त्याच्याकडे नाव लिहायचं आणि फुटपाथवर ताटकळत राहायचं. आत नुसता कलकलाट. तव्यावर पाणी मारल्याचा चर्र आवाज, "दोन मिसळ, एक पाव जादा" अशा आरोळ्या, कपबशांची आदळआपट, कुणाचं तरी रडणारं मूल. मला खरं म्हणजे हे सगळं आवडतं. घरात दोन-तीनच माणसं उरली की जेवणाखाण्याला आवाज राहत नाही.

आम्हाला चौघांचं टेबल मिळालं, आणि आम्ही दोघंच. पाच मिनिटांत वेटर आला. "काका, शेअर कराल ना?" उत्तराची वाट न पाहता त्याने दोघांना समोर आणूनही ठेवलं. एक पन्नाशीचे गृहस्थ, हातात हेल्मेट, आणि बरोबर विशीतला मुलगा. "इथे कुणी बसलंय का?" असं त्यांनी तरीही रीतसर विचारलं. मी नाही म्हटलं, ते बसले. त्यांची मिसळ आली, आमचा डोसा आला. त्यांनी आमच्यापुढचा पाण्याचा जग उचलून घेतला, नातीने त्यांच्या बाजूची सॉसची बाटली ओढली. वीस मिनिटं बसलो, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मी त्यांचं विचारलं नाही.

घरी येताना नात म्हणाली, "आबा, तुम्ही सारखं त्या काकांकडे काय बघत होता?" मी म्हटलं, "काही नाही गं." पण मी बघत होतो हे खरं. काकांकडे नव्हे, त्या पाण्याच्या जगाकडे. चार माणसं, त्यांतली दोन दोघांना अनोळखी, आणि जग एकच. हे किती अलीकडचं आहे ते तिला सांगायला सुरुवात करणार तोवर घर आलं. म्हणून इथे लिहितो.

मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत असे. आमच्या पाठ्यपुस्तकांत लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. माणसं कुठे बसून काय खात होती याचा पत्ता नसायचा. आणि महाराष्ट्रात तर या एका गोष्टीवरून केवढी रणं माजली! लढाया झाल्या नसतील, पण प्रायश्चित्तं झाली, बहिष्कार झाले, मारहाणी झाल्या.

आमच्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. पंचहौद मिशनचा चहा. ऑक्टोबर १८९० मधली गोष्ट. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, हा मोठा वल्ली माणूस. त्यांनी पुण्यातल्या बड्या बड्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून नेलं. व्याख्यान झाल्यावर चहा आणि बिस्किटं पुढे आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणखी कितीतरी होते. कुणी चहा प्यायले, कुणी भिडेखातर कप हातात धरून तसाच खाली ठेवला. सगळे आपापल्या घरी गेले. आणि मग गोपाळरावांनी काय करावं? हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली! ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा, म्हणजे धर्म बुडाला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, पुढची दोन वर्षं पुण्यात दुसरा विषय नव्हता. याला 'चहाचं ग्रामण्य' म्हणतात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर रागावली ती वेगळीच. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हा सगळा प्रसंग आहे, जरूर वाचावा. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचणाऱ्या माणसाला एका कपाचा हिशोब द्यावा लागला.

आज त्या भागातून रिक्षाने जाताना मी मिशनच्या चर्चचा मनोरा बघतो. खाली रस्त्यावर चहाच्या टपऱ्या आहेत. कोण कुणाच्या हातचं पितं याची कुणालाही पडलेली नसते.

आता ही झाली मोठ्यांची गोष्ट. साध्या माणसाचं काय? तो बाहेर खातच नसे. प्रवासाला निघाला तर दशम्या आणि तहानेसाठी तांब्या. परगावी नातेवाईक नाहीतर जातभाई शोधायचा. "हॉटेलात जातो" हे माझ्या लहानपणीही मुलगा बिघडल्याचं लक्षण समजत. आमच्या आजीच्या तोंडी तर हॉटेल आणि गुत्ता हे दोन शब्द एकाच सुरात यायचे. (आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहाची टपरीसुद्धा. इंग्रजीचे शिक्षक यावर फार चिडायचे. पण लोकांनी शब्द घेतला तो आपल्या सोयीने घेतला, त्याला काय करणार?)

बाहेर खाणं भाग पडलं ते मुंबईत. गिरण्या निघाल्या, गोदी वाढली, आणि कोकणातून, घाटावरून एकटे पुरुष मुंबईला आले. बायकापोरं गावी. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-बारा जण पाळ्यांनी झोपायचे, तिथे चूल कोण पेटवणार? मग खानावळी आल्या. बहुतेक बायकाच चालवायच्या. महिन्याचे पैसे बांधायचे, दोन वेळचं जेवण. या बायकांच्या कष्टावर गिरणगाव जगलं म्हटलं तरी चालेल. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तोवर त्या सावकाराच्याच तावडीत होत्या. पण खानावळ म्हणजे गावच मुंबईत आणून ठेवल्यासारखं होतं. आपल्या तालुक्याच्या, आपल्या जातीच्या बाईकडे जेवायचं. पंक्तीला सगळे ओळखीचे आणि आपले.

गिरणीतही तेच. पिण्याच्या पाण्याचे माठ वेगळे. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे, आणि दुसऱ्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपण कसं तोंड लावायचं? १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठासून मांडला होता. मजुरांची एकजूट, लाल बावटा, सगळं होतं, आणि धोटा मात्र सोवळा! मुलांना हा भाग शिकवताना वर्गात हमखास शांतता पसरायची. पुस्तकात तो नव्हता, मीच घुसडायचो.

उच्चवर्णीयांसाठी मग 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणांचे उपाहारगृह' अशा पाट्यांची हॉटेलं निघाली. स्वयंपाकी ब्राह्मण आहे, म्हणजे खायला हरकत नाही, असा त्या पाटीचा अर्थ. स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं. या हॉटेलांना मी नावं ठेवत नाही. दादरचं मामा काण्यांचं १९१० साली निघालं, आणि त्यांच्यासारख्यांनीच मध्यमवर्गाला घराबाहेर खायची सवय लावली. बटाटेवडा, मिसळ, पियूष ही सगळी त्यांचीच देणगी. एकदा माणूस खुर्चीवर बसून, पैसे मोजून खाऊ लागला की शेजारी कोण हे फार दिवस विचारता येत नाही. पाटी राहिली तरी गिऱ्हाईक बदलत गेलं.

खरी धांदल उडवली ती इराण्याने. इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून ही माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इकडे आली. बहुतेक झरथुष्ट्री, काही मुसलमानही. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा आपले लोक अशुभ म्हणून घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असं सांगतात. धोबीतलावचं कयानी १९०४चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४चं, आमच्या डेक्कनवरचं गुडलक १९३५चं. संगमरवरी टेबलं, वळवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. गल्ल्यावर मालक. आणि पाट्या! केस विंचरू नका, टेबलावर पाय ठेवू नका, उगाच बसून राहू नका... धोबीतलावच्या एका इराण्याच्या अशा पाटीवरूनच निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. पाट्यांवर सगळं होतं, पण कुणी यायचं नाही हे नव्हतं.

माझे वडील लग्नाआधी काही वर्षं मुंबईत कारकुनी करत. गिरगावात चाळीत राहायचे, जेवायला आपल्यातल्याच एका काकूंच्या खानावळीत. पण सकाळचा चहा इराण्याकडे. ते सांगायचे, "टेबल चौघांचं. एका खुर्चीवर मी, शेजारी टॅक्सीवाला, समोर रात्रपाळी करून आलेला गिरणीवाला, चौथ्यावर कोण ते देवाला ठाऊक. पेपर एकच. पहिलं पान याच्याकडे, मधलं त्याच्याकडे." हे ते आईला कधी सांगत नसत. इराण्याकडे खिमा असे, अंडी असत, भांडी एकच असणार हे उघड होतं. गावी आले की अंघोळ करून, जानवं सारखं करून पाटावर बसायचे. आम्हा मुलांना हे त्यांनी फार उशिरा, आई गेल्यावर सांगितलं. ब्रून-मस्क्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा पंचविशीतल्या मुलासारखा व्हायचा.

आई स्वतः पहिल्यांदा हॉटेलात गेली ती १९५८च्या सुमारास, मी सात-आठ वर्षांचा असेन. 'फॅमिली रूम' नावाची लाकडी खोकी असायची, त्यांना अर्ध्या उंचीचं झुलतं दार. आत बायकामुलं. आईने पदर सारखा करत करत अर्धा डोसा खाल्ला आणि उरलेला मला दिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "कोंडून घालून कसलं खायचं?" पुन्हा बरीच वर्षं गेली नाही. बायकांच्या हॉटेलात जाण्याचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो कुणा बाईने लिहावा. असो.

वडिलांमुळे इराण्याबद्दल माझ्या मनात हळवा कोपरा आहे, पण त्यावरून असं समजायला नको की मुंबईबाहेर परक्या धर्माच्या माणसाकडे गेलं की जात सुटायची. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. एका पारशी वसतिगृहात त्यांनी नोंदवहीत पारशी नाव लिहून जागा घेतली. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे. संध्याकाळपर्यंत खोली सोड. गावात ओळखीच्या दोघांना विचारलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोघांनीही अडचण सांगितली. मग बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि इतक्या कोरडेपणाने की वाचणाऱ्यालाच घाम फुटतो.

पण त्याच सुमारास कोल्हापुरात वेगळंच काही चाललं होतं. गंगाराम कांबळे म्हणून एक गृहस्थ राजवाड्याच्या पागेत नोकरीला. सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्याच नोकरांनी त्यांना बेदम मारलं. शाहू महाराज परगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी पाठ उघडी करून दाखवली. महाराज भडकले, मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना म्हणाले, नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा काढ, पैसे मी देतो. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव 'सत्यसुधारक'. जागा मोक्याची, हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक शून्य. महाराच्या हातचा चहा पिणार कोण?

तर छत्रपती स्वतः पिणार. महाराजांचा खडखडा (त्यांच्या घोडागाडीला खडखडा म्हणत) फेरफटक्याला निघाला की हॉटेलसमोर थांबायचा. "गंगाराम, चहा आण" म्हणून रस्त्यावर हाक. आणि एकट्याने प्यायचा नाही! गाडीत बरोबर जे कोणी असतील, दरबारी, सरदार, ब्राह्मण अधिकारी, त्या सगळ्यांच्या हातात कप. महाराज पितात म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती? महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करण्याचे हुकूम काढले, त्यांचं महत्त्व मोठं आहेच. पण मुलांना मी नेहमी आधी चहा सांगायचो आणि मग हुकूम. हुकूम वाचून माणूस मान डोलावतो. कप हातात आल्यावर प्यावाच लागतो. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्यांचं पहिलं स्मारक उभं करण्यात याच गंगाराम कांबळ्यांचा पुढाकार होता.

रत्नागिरीला सावरकर स्थानबद्ध होते, तिथेही १९३३ साली 'अखिल हिंदू उपाहारगृह' निघालं. पूर्वास्पृश्यांच्या हातचा चहा-फराळ तिथे मिळे, आणि भेटायला येणाऱ्यांना सावरकर आधी तिथे चहा पिऊन या म्हणत, असं चरित्रकार लिहितात. सावरकरांच्या राजकारणाबद्दल माझी मतं वेगळी आहेत, वाचकांचीही असतील. पण हे त्यांच्या खात्यावर लिहिलंच पाहिजे. फक्त त्या पाटीतही 'हिंदू' हा शब्द उरला होता. कोपऱ्यावरच्या इराण्याला तोही लागला नव्हता.

मग स्वातंत्र्य आलं, आणि राज्यघटना. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा भाग काढून बघा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला कुठे अडवता येणार नाही? तर दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. स्वातंत्र्य, समता, बंधुता असले भारदस्त शब्द जिथे आहेत तिथेच चार पानं पुढे हॉटेल आणि विहीर! घटना समितीत तर धोब्याचं आणि न्हाव्याचं दुकान यात येतं का, असा प्रश्नही निघाला होता, आणि दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे हे बाबासाहेबांना सांगावं लागलं. ज्याला वसतिगृहातून काठ्या दाखवून हाकललं, तोच मसुदा समितीचा अध्यक्ष. ही यादी कुठून आली हे वेगळं सांगायला नको.

पुढे १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला. १९७६ साली त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्यात आणखी एक पायरी खाली उतरून लिहिलंय. हॉटेलात नुसतं येऊ देऊन भागत नाही, तिथली भांडी वापरायलाही अडवता कामा नये. म्हणजे कपबशी कायद्याच्या कलमात आली.

मला हे सगळं तोंडपाठ होतं, आणि इथे माझी स्वतःची गोष्ट येते. ती सांगावी की नाही यावर चार दिवस घातले.

१९७३च्या जूनमध्ये मला सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका हायस्कुलात नोकरी लागली. बी. ए. झालेलो, बावीस-तेवीस वर्षांचा, डोक्यात ध्येयवाद. गावाचं नाव लिहीत नाही. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने सगळा मुलूख करपलेला. माझ्याबरोबरच गणिताचे एक शिक्षक रुजू झाले. त्यांचंही नाव लिहीत नाही, सर म्हणतो. माझ्याच वयाचे, बौद्ध समाजाचे, हस्ताक्षर असं की फळा पुसायला जिवावर यावं. आम्ही एकाच वाड्याच्या दोन टोकांना नव्हे, गावाच्या दोन टोकांना राहायचो. कारण वाचकांना कळलं असेल.

पहिल्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर आम्ही एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला गेलो. मी बाकावर बसलो. सर बसले नाहीत. हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात दोन-तीन कान तुटलेले कप. सर त्यातला एक घेऊन आले, बाजूच्या डब्यातल्या पाण्याने विसळला, पुढे धरला. मालकाने वरून, अंतर राखून, चहा ओतला. मला बशीसकट पांढरा कप आला. सरांनी उभ्यानेच चहा प्यायला, कप धुतला, कोनाड्यात ठेवला. हे सगळं इतकं सराईतपणे झालं की मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. आणि मी माझा चहा संपवला.

त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गावर मूलभूत हक्क शिकवत होतो. अनुच्छेद सतरा, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी "चला सर" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "नको, मला चहा सोसत नाही. पित्त होतं." मी म्हटलं बरं. मला सुटल्यासारखं झालं, हे आज लिहितो. नंतर मी एकटाच जात राहिलो. तीन वर्षं. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीम १९७२ पासून चालू होती, कार्यकर्ते गावोगाव हिंडून कुठे कोणती विहीर कुणाला बंद आहे याची पाहणी करत होते. मी वर्तमानपत्रात ते वाचत होतो, वर्गात सांगतही होतो. कोनाडा माझ्या पाठीमागेच होता.

मालक वाईट माणूस नव्हता. उधारी ठेवायचा, पोरांना फुकट भजी द्यायचा. मी एक शब्द बोललो असतो तर कदाचित हसून त्याने कप आत घेतले असते. कदाचित गावाने मला वाळीत टाकलं असतं. काय झालं असतं ते कळायला आधी बोलावं लागतं.

मग माझी बदली झाली, सरांचीही झाली. दिवाळीला पत्रं यायची. १९९८ साली ते मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आले. ही आतून म्हणाली, "चहा ठेवते हं." मी घाईघाईने म्हटलं, "अगं, सरांना चहा सोसत नाही, सरबत कर." सर हसले. म्हणाले, "नाही वहिनी, चहाच ठेवा. जरा कडक." दोन कप घेतले. दुसरा मागून घेतला. गप्पा मुलीच्या नोकरीच्या, पेन्शनच्या, शाळेच्या. मी त्यांच्या हातातल्या कपाकडे बघत होतो, आणि ते बहुधा माझ्याकडे. बोललो काहीच नाही, तेव्हाही नाही.

परवा रात्री नातीला हे सगळं सांगितलं. ती आधी पंचहौदला हसली, गंगाराम कांबळ्यांचं तिला फार आवडलं. हे शेवटचं ऐकून मात्र गप्प झाली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही भांडला नाहीत ते जाऊ दे. पण तुम्ही पण त्या कोनाड्यातला कप का नाही घेतलात?"

पन्नासएक वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. त्याला धैर्यसुद्धा फारसं लागलं नसतं. उठायचं, चार पावलं जायचं, कप घ्यायचा.

सरांचा नंबर माझ्याकडे आहे. अधूनमधून व्हॉट्सॅपवर सुप्रभात पाठवतात. फोन करून विचारावं का, तो कोनाडा तुम्हाला आठवतो का, असं दोन दिवस मनात घोळतंय. अजून केलेला नाही.